नॅशनल पार्कात जावं, पण जंगल अंगाला लागू देऊ नये

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक हिरवा फोटो, त्याखाली ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ आणि जोडलेले दोन हात, एवढं पडल्याशिवाय रविवार उजाडला असं आता कोणी धरत नाही. त्यामुळे बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात एकदा तरी जाऊन येणं तुम्हाला चुकणार नाही. अडचण एवढीच की तिथे खरोखरीचं जंगल आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटर, भोवती मुंबई आणि ठाणं, आत बिबटे, साप, कोळी, दोन हजार वर्षांपूर्वी कोरायला घेतलेली लेणी आणि शहराला पाणी पाजणारे दोन तलाव. बेसावध माणसाला यातलं काही ना काही भेटतंच. मग तो सोमवारी ऑफिसात गप्प बसतो, खिडकीबाहेरच्या झाडाचं नाव विचारतो, पुढच्या रविवारी कोणाला न सांगता पुन्हा जातो. चांगल्या घरची माणसं अशी वाया गेलेली आहेत.

म्हणून हे मार्गदर्शन. खालच्या पायऱ्या नीट पाळल्यात तर पहिल्याच खेपेला सकाळी आत जाऊन दुपारी बाहेर याल आणि जंगलाचा ओरखडासुद्धा उठलेला नसेल.

१. माणसं जमवा.

एकट्यानं कधीही जाऊ नये. एकटा माणूस बोलत नाही, आणि बोलणं थांबलं की नको नको ते ऐकू यायला लागतं. या उद्यानात अडीचशेहून जास्त जातींचे पक्षी नोंदलेले आहेत. त्यातला एक जरी नीट कानावर आला तरी माणूस थबकतो, मान वर करतो आणि कामातून जातो. दहा-बारा जण असले की ही भीती उरत नाही.

ग्रुपला ‘सह्याद्रीचे छावे’ असं काहीतरी नाव द्या. वेळ सहाची ठरवा. सहाला कोणी येत नसतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पद्धतच तशी आहे. आठपर्यंत स्टेशनबाहेर पोहे, मग चहा, मग ज्याच्यासाठी सगळे खोळंबले त्याचाच फोन, ‘अरे, मी केव्हाचा गेटवर उभा आहे!’ ऊन चांगलं वर आल्यावर आत शिरा. तोवर जनावरं-पाखरं आपापली कामं उरकून सावलीला गेलेली असतात, म्हणजे तुमच्या आड येत नाहीत.

ग्रुपमध्ये एक भावोजी हवेतच, आणि तेही कळसूबाई केलेले. १,६४६ मीटर उंचीचं राज्यातलं सर्वांत उंच शिखर एकदा पायाखाली घातलेला माणूस पुढे आयुष्यभर कशालाच उंच म्हणत नाही. ओढा दिसला की त्यांना देवकुंड आठवतं, दरी दिसली की कोकणकडा. ‘ह्याला काय ट्रेक म्हणायचं? हे तर आमच्या आईनं केलं असतं,’ असं ते दर वळणावर म्हणतील. म्हणू द्या. भावोजी बरोबर असले की समोरचं काही दिसत नाही.

२. वार पाहू नका.

सोमवारी पार्क बंद असतं. सोमवारी सुट्टी टाकून, टॅक्सी करून, बंद दारापुढे फोटो काढून परत येणं ही या विद्येतली सगळ्यात वरची पायरी. नवशिक्यांना ती झेपत नाही; त्यांनी रविवारच धरावा.

३. सामान.

मुख्य दारापासून आतल्या कान्हेरी लेण्यांच्या पायथ्यापर्यंत डांबरी सडक आहे. तिच्यासाठी घोट्याच्या वर जाणारे, हिमालयात चालतील असे बूट घ्या. दोन काठ्या घ्या, दोन्ही हातांत धरा, म्हणजे झाडाला हात लावायला हात मोकळा राहणार नाही. टी-शर्ट लष्करी छापाचा, झाडीत मिसळून जाणारा. त्यावर टोपी भडक केशरी, फोटोत उठून दिसणारी.

स्पीकर विसरू नका. आत मोठ्यानं गाणी लावायला मनाई आहे, म्हणूनच ती लावण्यात कौशल्य लागतं. वनरक्षक आला की बंद करा आणि ‘साहेब, अलार्म वाजत होता’ म्हणा. तो काही बोलणार नाही. ऐकून ऐकून त्याचे कान किटलेले असतात.

४. पहिल्या किलोमीटरात मुक्काम ठोका.

जंगल आत असतं आणि दारापाशी बाग असते, ही उद्यानानं आपल्यावर केलेली मोठी कृपा आहे. नौकाविहार आहे, सफारीची रांग आहे, गांधी टेकडी आहे. सफारीच्या रांगेत तासभर सहज निघतो, आणि गाडीच्या जाळीतून कुंपणातला वाघ दाखवला की मंडळींचं समाधान होतं. बाहेर मोकळा फिरणारा बिबट्या मग कोणाला आठवत नाही.

या बाबतीत रोज पहाटे पास दाखवून आत येणाऱ्यांकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. हे खरे सिद्ध पुरुष. वर्षानुवर्षं रोज येतात आणि त्यांच्यावर काही म्हणून परिणाम होत नाही. त्यांच्या मागून वीस पावलं चाला.

‘आम्हाला बिल्डर पंचेचाळीस टक्के एक्स्ट्रा कार्पेट देतोय.’

‘लेखी?’

‘तोंडी.’

‘मग सोडा हो काका. आणि कॉर्पसचं काय?’

हे चाललेलं असताना डोक्यावरच्या उंबरात हरियालांचा थवा फळं खात असतो. हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी. पोपटी-पिवळा, पानांत असा मुरलेला की फळ खाली पडलं तरच कळावं वर कोणी आहे. फळ काकांच्या खांद्यावर पडतं. काका ते झटकतात आणि एफएसआयवर येतात. इतकी एकाग्रता एका दिवसात येत नाही, धीर धरा.

५. काकडी घ्या, गप्पा मारू नका.

रस्त्याच्या कडेला पाड्यावरच्या बायका टोपली घेऊन बसलेल्या असतात. हंगामाप्रमाणे काकडी, आवळे, कैरी, जांभळं, करवंदं. काकडी उभी धरून मावशी तिचे चार काप करतात, पण देठाशी सोडतात, म्हणजे ती फुलासारखी उघडते. मग बोटांच्या चिमटीनं आतून तिखट-मीठ फासतात आणि पुन्हा मिटून हातात देतात. आवंढा गिळा आणि भाव करा. महिन्याचा तिसरा हप्ता कापला गेलेल्या मोबाइलवरून पैसे पाठवताना पाच रुपयांसाठी घासाघीस केली की मनाला उभारी येते.

मात्र ‘मावशी, तुम्ही राहता कुठे?’ हा प्रश्न कटाक्षानं टाळा. त्या ‘इथंच, आत’ म्हणतील. मग तुमच्या तोंडून निघेल, ‘बिबट्या दिसतो का हो?’ आणि उत्तर येईल, ‘दिसतो की. तो त्याच्या वाटेनं, आम्ही आमच्या.’ एवढ्यावर थांबलं तर ठीक. पण बोलणं वाढलं की वारल्यांचा देव वाघोबा निघतो, त्याचं ठाणं निघतं, हे पाडे उद्यानाच्या पाटीच्या कितीतरी आधीपासून इथे आहेत हे निघतं, आणि आपण ज्याला ट्रेक म्हणतो तो या बाईचा रोजचा पाणी-सरपणाचा रस्ता आहे असं ध्यानात येतं. काकडी कडू लागते. म्हणून पैसे द्या, काकडी घ्या, पुढे चला.

६. माकडांना खाऊ घाला.

‘माकडांना खाद्यपदार्थ देऊ नयेत’ अशा पाट्या जागोजागी आहेत. त्या बहुधा इतर लोकांसाठी असाव्यात. वेफर्सचं पाकीट काढा, आधी स्वतः वाजवून दाखवा. माकड जवळ येतं, पाकीट दोन्ही हातांत धरतं, वरच्या शिवणीला दात लावून नेमकं जिथे आपल्याला कधी फाडता येत नाही तिथे फाडतं, एक वेफर काढून दोन्ही बाजूंनी पाहतं आणि खातं. पोरं टाळ्या वाजवतात. पुढच्या वेळी ते पाकीट मागत नाही, पिशवीच ओढतं. त्यावर ‘हल्ली माकडं फार माजलीत’ असं म्हणायचं. हे वाक्य पाठ करून ठेवा.

उरलेले वडे, थेपले, बिर्याणी तिथेच झाडाखाली सोडा. मुक्या जिवांच्या मुखी पडेल. पडतंही, पण आधी कुत्र्यांच्या.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण पुष्कळ वाचक विचारतात की एवढं जाऊनही बिबट्या दिसला नाही, आता काय करावं. त्यासाठी पार्कात जायची गरजच नाही. घरबसल्या सोय होते. सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे रोज रात्री ओला कचरा टाका. आठवड्याभरात भटकी कुत्री येतील, मागोमाग डुकरं. कुत्रं हे या जंगलाच्या कडेनं राहणाऱ्या बिबट्याचं अगदी नेहमीचं अन्न. पुढचं काम तो करतो, तुम्ही सीसीटीव्हीची काच तेवढी पुसून ठेवा. एक दिवस पहाटे चित्रफीत मिळेल, ती दुपारपर्यंत बातम्यांत जाईल, आणि संध्याकाळी तातडीची सभा बोलावून वनखात्याला पत्र लिहिता येईल: ‘पिंजरा लावा.’ पिंजऱ्यात सापडलेला बिबट्या दुसरीकडे नेऊन सोडला की मोकळ्या झालेल्या हद्दीत नवा येतो, हे अभ्यासकांनी सांगितलेलं आहे. २००२ ते २००४ या वर्षांत उद्यानाच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले तेव्हा बाहेरून पकडून आणलेले बिबटे इथे सोडल्याचं कारणही त्यांनी पुढे केलं होतं. पण अभ्यासक सभेला नसतात. कोरम तुमचा आहे. ठराव संमत करा आणि कचरा मात्र त्याच भिंतीपलीकडे टाकत राहा, नाहीतर पुढच्या सभेला विषय उरणार नाही.

७. पायवाटेला लागूच नये. लागलंच तर खालीलप्रमाणे वागावं.

आत शिलोंढ्याची वाट आहे, हायेस्ट पॉइंटची आहे, उत्तरेला नागलाची आहे. बहुतेक वाटांना वनखात्याची परवानगी आणि बरोबर वाटाड्या लागतो. हा वाटाड्या म्हणजे धोक्याची खूण. तो हळू चालतो. मध्येच थांबतो, हात वर करतो आणि सगळ्यांना गप्प करतो. मग कुठल्याशा पानामागचा बेडूक दाखवतो. पावसाळ्यात दोन झाडांच्या मधोमध तळहाताएवढी कोळीण सोनेरी जाळं टाकून बसलेली असते. तिच्या शेजारीच नखाएवढा नर असतो, तो दिसेपर्यंत वाटाड्या कोणाला हलू देत नाही. नर दिसला की मंडळींमधल्या बायका हसतात, भावोजी हसत नाहीत.

यावर उपाय म्हणजे दर पाच मिनिटांनी ‘अजून किती?’ असं विचारणं. ‘इथे रेंज कुठे येते?’ हाही चालतो. ओढ्यातल्या खेकड्याकडे बोट केलं तर ‘खातात का हा?’ विचारा. जमिनीवर केसाळ, वाळकी विष्ठा दाखवून ‘ही बिबट्याची’ असं म्हणाला तर रुमाल नाकाला लावा, वास येत नसला तरी. तासाभरात तोही बोलायचा थांबतो आणि सगळ्यांनाच हलकं वाटतं.

कारवीबद्दल वेगळं सांगायला हवं. डोंगरउतारावर काड्यांसारखी दाट उभी असते ती. आठ वर्षांतून एकदाच फुलते. इथे २०१६ साली फुलली, मग २०२४ साली. अख्खा उतार जांभळा होतो, मधमाश्यांचा नुसता कल्लोळ. एकदा फुलून बी धरलं की ते झुडूप मरतं, म्हणजे आठ वर्षांची कमाई त्या एका हंगामात उधळायची असते. अशा वेळी वाट सोडून थेट फुलांच्या मधोमध जाऊन आडवं पडावं आणि वरून फोटो काढून घ्यावा. जमल्यास फांदी तोडून डोक्यात माळावी. तुम्ही २०२४ साली चुकला असाल तर पुढची पाळी २०३२ साली. तोवर पाठ नीट ठेवा, आडवं पडताना लागते.

८. कान्हेरी.

दारापासून सहा-सात किलोमीटरवर. बस जाते. वेगळं तिकीट काढावं लागतं, आणि इथेच ‘पुन्हा पैसे?’ म्हणून निम्मी मंडळी बाहेर बसून राहतात. त्यांचं अभिनंदन. आत जाणाऱ्यांनी पुढचं वाचा.

काळ्या बसाल्टमध्ये कोरलेली शंभराहून जास्त लेणी आहेत. पहिली कोरली गेली इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपास, शेवटची हजारेक वर्षांनी. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहात शिरताना ओसरीच्या दोन्ही टोकांना बुद्धाच्या दोन मूर्ती उभ्या आहेत, प्रत्येकी सात मीटरच्या आसपास. त्यांच्या पायाशी उभं राहून दोन बोटं दाखवा. आत गेल्यावर मोठ्यानं ओरडा. आवाज घुमतो का, हे प्रत्येकानं स्वतः तपासल्याशिवाय मानू नये.

भिंतीवर नाव कोरायचा मोह होईल. सुरक्षारक्षक आला तर त्याला इतिहासाचा दाखला द्या. ९० क्रमांकाच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये इथे येऊन गेलेल्या पारशांनी आपली नावं आणि तारखा कोरून ठेवल्या आहेत. त्यांच्या एक हजार वर्षं जुन्या नावांवर पंडित प्रबंध लिहितात, मग तुमच्या बदामातल्या बाणानं काय पाप केलं? रक्षकाला हे पटणार नाही. दंड भरा आणि घरी जाऊन पंडित व्हा.

आता एक मोठं संकट. कान्हेरीत जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी खडकात कोरलेली पाण्याची टाकी आहे. जुन्या शिलालेखांत तिला पोढी म्हटलेलं आहे, आणि कोणी कोणती पोढी दान दिली त्याची नोंदही आहे. दाते कल्याणचे, सोपाऱ्याचे व्यापारी. खडकाच्या माथ्यावरून बारीक चर खोदलेले आहेत, बोटभर रुंद, काही ठिकाणी हातभर. पावसाचं पाणी त्या चरांतून उतरतं आणि पोढीत पडतं. तोंड लहान, पोट मोठं, आत अंधार, त्यामुळे पाणी उडून जात नाही. शेकडो भिक्षू वर्षभर या पाण्यावर राहत. भर उन्हाळ्यात ओणवं होऊन पाहिलं तर काही पोढ्यांमध्ये अजून पाणी असतं, काळं आणि थंड, आणि वर आपलाच चेहरा.

हे पाहू नये. पाहिलं की सोसायटीच्या गच्चीवरची रेन वॉटर हार्वेस्टिंगची पाइप आठवते, जी कुठेच जोडलेली नाही. मनाला लागतं. अशा वेळी वेफर्सचं रिकामं पाकीट पोढीत टाका. तेवढंच आपलं दान.

लेण्यांबाहेर खडकातच कोरलेली बाकं आहेत. भिक्षू तिथे बसून समोर पाहत असावेत. बसू नका. पाहण्याच्या सोयीसाठी केलेली जागा आहे ती, सवय लागते.

९. तलाव: सर्वांत अवघड भाग.

उद्यानाच्या पोटात विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत, आणि सुदैवानं दोन्हीकडे सामान्य माणसाला प्रवेश नाही. हायेस्ट पॉइंटच्या बाजूनं वर गेलं तर मोकळ्या दिवशी झाडीपलीकडे पाणी चमकतं. तेवढ्या वेळापुरते बुटाची नाडी बांधायला खाली वाका.

कारण हे पाणी जरा चिवट आहे. एकदा मनात आलं की थेट घरापर्यंत येतं. गेल्याच्या गेल्या शतकात मुंबई विहिरी आणि टाक्यांवर जगत होती आणि पाऊस हुकला की तडफडत होती. हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरच्या आराखड्यावरून १८५६ साली विहारचं काम सुरू झालं, १८६० साली पुरं झालं, आणि शहरात पहिल्यांदा नळानं पाणी आलं. पुरेना म्हणून १८७९ साली तुळशी. दोन्ही तलावांचं पाणी राखायचं तर भोवतीचे डोंगर राखायला हवेत, पाणलोटात वस्ती नको. झाडी टिकली ती त्यामुळेही. म्हणजे ज्या जंगलात आपण उपकार केल्यासारखे फिरतो ते एका अर्थी शहराच्या तहानेनं वाचवलेलं आहे.

आकडे विचारलेच कोणी, तर तुळशीत मावतं ८,०४६ दशलक्ष लिटर, विहारमध्ये २७,६९८ दशलक्ष लिटर. आजच्या मुंबईला रोज ४,००० दशलक्ष लिटरच्या आसपास लागतं. तुळशी भरलेला असला तर शहराला दोन दिवस पुरेल, विहार आठवडाभर. बाकी सगळं तानसा-भातसा-वैतरणेहून, शंभरेक किलोमीटरवरून, कोणा दुसऱ्याच्या डोंगरातून येतं. हे आकडे भावोजींना सांगू नका. ते उजनीचे आकडे सांगतील.

जुलैत ‘तुळशी भरून वाहू लागला’ अशी बातमी येते. ती ताबडतोब पाचही ग्रुपवर पुढे ढकला. पाणीकपात मागे घेतल्याची बातमी त्याच पानावर खाली असते. दोन्हींचा संबंध जोडू नका. घरात पोरानं विचारलं, ‘बाबा, आपल्या नळाला पाणी कुठून येतं?’ तर ‘वॉचमन सोडतो’ असं सांगावं. शास्त्रीय उत्तर हवं असेल तर ‘टाकीतून’.

काही हौशी मंडळी आरेच्या बाजूनं चोरवाटेनं विहारच्या काठाला पोहायला जातात. आमचा त्याला विरोध आहे, निव्वळ तांत्रिक कारणासाठी. त्या पाण्यात मगरी आहेत, गाळ आहे, आणि बुडाल्याच्या बातम्या जवळपास दर पावसाळ्यात येतात. जंगल टाळायला शिकवणाऱ्या विद्येत जंगलानं कायमचं ठेवून घेणं हा नापास होण्याचाच प्रकार.

तलावाची एवढीच हौस असेल तर पवई गाठा. तोही याच डोंगरांच्या पायथ्याशी, १८९१ सालचा, शहराला पाणी पुरवण्यासाठीच बांधलेला. पण त्याचं पाणी पिण्याजोगं नाही. जे दोन तलाव प्यायचे ते पाहायला मिळत नाहीत, जो पिता येत नाही त्याच्याकडे तोंड केलेल्या फ्लॅटचा भाव चढा. अभ्यासक्रमाच्या दृष्टीनं पवई हा आदर्श तलाव.

जाता जाता नदीचं. दहिसर नदी तुळशीच्या परिसरातून निघते आणि उद्यानातून खळखळत दाराकडे येते. मिठी विहार आणि पवईच्या सांडव्यातून निघते. आत असेपर्यंत दोघींना नदी म्हणावं, हायवे ओलांडला की नाला. एकाच दिवशी दोन्ही रूपं पाहू नका. आत पाय बुडवून ‘काय स्वच्छ पाणी आहे’ म्हणायचं, बाहेर टॅक्सीच्या काचा वर करून ‘काय घाण करून ठेवलीय लोकांनी’ म्हणायचं, एवढं पुरे. २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठीनं आपण नदी असल्याचं घराघरात जाऊन सांगितलं होतं. त्यानंतर आपण नाल्याच्या भिंती उंच केल्या. चर्चा संपली.

१०. फोटो.

पाठ नेहमी जंगलाकडे.

११. परतल्यावर.

दुपारी मिसळीवर बसून ‘तसं काही नाही हो तिथे, नुसती झाडं’ असा शेरा द्या. मग पोस्ट टाका. मजकुरात ‘नि:शब्द’ हा शब्द आला पाहिजे, आणि त्यापुढे किमान आठ ओळी.

बुटाला चिकटलेलं गवताचं कुसळ, केसात अडकलेलं बी, खिशात राहिलेला आवळा अशा गोष्टी घरी येतात. ताबडतोब बाहेर टाका. आवळा चुकून खाल्लात तर वर पाणी पिऊ नका, गोड लागेल.

१२. पुढची पातळी.

वरच्या सगळ्या पायऱ्यांत एक उणीव आहे. जंगल टाळायला आत जावंच लागतं. शासनाच्या हे ध्यानात आलेलं दिसतं. बोरिवली-ठाणे जोडरस्त्याचं काम हाती घेतलेलं आहे, लांबी ११.८ किलोमीटर, त्यातला बहुतेक भाग उद्यानाच्या खालून जाणाऱ्या जुळ्या बोगद्यांतून. भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झालं. दक्षिणेकडे गोरेगाव-मुलुंड रस्त्यासाठीही असेच जुळे बोगदे ठरलेले आहेत. एकदा हे झालं की बारा-पंधरा मिनिटांत अख्खं राष्ट्रीय उद्यान, त्यातले बिबटे, कोळिणी, कारवी, पोढ्या, वाघोबा आणि काका असं सगळं डोक्यावरून घालवून माणूस ठाण्याला बाहेर पडेल. बूट नको, काठ्या नकोत, भावोजीसुद्धा मागच्या सीटवर झोपतील.

तोवर मात्र घोडबंदर रोडनंच जावं लागणार. गायमुखापाशी गाड्या तुंबतात आणि दोन्ही हातांना झाडी येते. काच वर घ्या, एसी लावा, आणि पुढच्या ट्रकच्या मागे लिहिलेलं वाचत बसा.